युद्धात बाई हेर असली तर तिचं रोजचं आयुष्य खरंच कसं असायचं? सिनेमात दाखवतात तसंच का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी खाली लिहिलंय की मुलीला शाळेत या विषयावर बोलायचंय अन् नेटवर जिकडे तिकडे पहिल्या महायुद्धातल्या माताहारी या नर्तकीचेच फोटो सापडतात. ताई, माताहारीला १९१७ मध्ये फ्रान्सने गोळ्या घातल्या हे खरं, पण ती हेर म्हणून नेमकी किती कामाची होती यावर अजून वाद आहे. मुलीला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या हेर नूर इनायत खानबद्दल बोलायला सांगा.

मी हेर नव्हतो. पोलीस खात्यात बिनतारी संदेशाचं काम केलं ३१ वर्षं, त्यातली बरीचशी गडचिरोलीकडे, अन् आता चिमूरजवळ गावी धानाची शेती बघतो. मोर्सची की, म्हणजे ठिपके-रेघांच्या लिपीत संदेश पाठवायचं बटण, बोटाखाली घेऊन रात्रीच्या रात्री काढल्यात म्हणून नूर मला घरातली वाटते, कारण तिचं कामही तेच होतं, फक्त मी सरकारी चौकीत बसून करायचो अन् ती शत्रूच्या शहरात एकटी.

आधी बाईच कशाला, ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता, अन् १९४३ पासून तिथल्या तरण्या पोरांना सक्तीने जर्मनीत मजुरीला पाठवत होते. त्यामुळे धडधाकट माणूस दिवसा रस्त्यावर दिसला की लगेच कागद दाखव, कुठे चाललास, कामावर का नाहीस. बाई सायकलला टोपली अडकवून चालली तर तेवढं कोणी विचारत नसे. ब्रिटनच्या एसओई नावाच्या गुप्त संघटनेने हे हेरलं अन् तिच्या फ्रान्स विभागाने ३९ बायका तिकडे पाठवल्या.

हे मला पुस्तकातून समजायच्या आधी आजीकडून समजलं होतं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, चिमूरला इंग्रजांविरुद्ध क्रांती झाली. पुढे फौज आली, बायकांवर अत्याचार झाले, त्याची चौकशी व्हावी म्हणून गांधीवादी भन्साळींनी ६३ दिवसांचं उपोषण केलं, हे सगळं आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. त्या दिवसांत गावातले बरेच गडी जंगलात लपलेले. आजी पत्रावळीसाठी पळसाची पानं तोडायला म्हणून निघायची, गठ्ठ्याच्या मधोमध भाकरी अन् वर तोंडी निरोप. मी लहानपणी विचारलं, तुला कोणी अडवलं नाही का, तर म्हणाली, "बाईच्या डोक्यावरच्या ओझ्याले कोन इचारते बापू?" एवढंच. हे सांगताना ती पानं टाचत होती, काडी मोडायची अन् टोचायची, वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

आता नूर. जन्म १९१४ चा, मॉस्कोतला. वडील बडोद्याचे, सूफी अन् गवई, घराण्याचं नातं टिपू सुलतानाच्या वंशाशी, आई अमेरिकन. पोरगी पॅरिसजवळ वाढली, हार्प वाजवायची, लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची, १९३९ मध्ये तिने जातककथा इंग्रजीत लिहून छापल्या. म्हणजे पाहा, आपला जीव देऊन दुसऱ्याला वाचवणाऱ्या माकडाची अन् हरणाची गोष्ट लिहिणारी बाई. फ्रान्स पडला तसं कुटुंब इंग्लंडला पळालं अन् ती तिथल्या हवाई दलाच्या महिला शाखेत भरती होऊन वायरलेस ऑपरेटर झाली. थंडीने बोटं सुजायची म्हणून मोर्सची की फार जोरात दाबायची, सोबतच्या पोरी त्यावरून चिडवायच्या. एसओईच्या ट्रेनिंगमध्ये तिच्याबद्दल चांगलं मत नव्हतं, खोटं बोलता येत नाही, भित्री आहे, बुद्धीही बेताचीच असा शेरा एका अधिकाऱ्याने मारला होता. तरी पाठवली, कारण फ्रेंच अस्खलित येणारे ऑपरेटर मिळतच नव्हते. १९४३ च्या जूनमध्ये १६ तारखेच्या रात्री छोट्या विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं. नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये एसओईने पाठवलेली ती पहिली बाई वायरलेस ऑपरेटर, वय २९. तिकडच्या ऑपरेटरचं आयुष्य सरासरी ६ आठवडे धरायचे अन् हे तिला जायच्या आधी माहीत होतं.

आठवड्याभरात तिच्या गटाचा म्होरक्या पकडला गेला अन् मग एकामागून एक माणसं उचलली गेली. लंडनने कळवलं, परत ये. ती नाही म्हणाली. तिच्याशिवाय पॅरिसमधून लंडनशी बोलणारं फार कोणी उरलंच नव्हतं, ती गेली तर मागे राहिलेल्यांचा आवाज बंद.

आता रोजचं आयुष्य, जे तुम्ही विचारलंय. सुटकेसमध्ये बसणारा सेट, वजन जवळपास १५ किलो, अन् तो हातात असा धरायचा की त्यात दोन लुगडीच आहेत असं वाटलं पाहिजे. १५ किलो काय असतं ते धानाचं अर्धं पोतं उचलणाऱ्याला विचारा, खांदा एका बाजूला कलतोच. मग ॲन्टेना, २० मीटरच्या आसपास तार, ती बाहेर झाडावर नाहीतर छतावर टाकावी लागायची. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो, दोरीला गोटा बांधून मोहाच्या फांदीवरून फेकायचा, पावसात तार हाताला चिकटते, दोनदा तीनदा गोटा खालीच येतो अन् चार माणसं बघत उभी राहतात. माझ्याकडे बघणारे गावकरी होते. तिच्याबद्दल असं सांगतात की ती झाडावर तार टाकत असताना शेजारी राहणारा जर्मन अधिकारीच आला, मदत करू का म्हणाला, अन् तिने त्याच्याकडूनच तार टांगून घेतली, रेडिओवर गाणी ऐकायचीत म्हणून.

अन् हे सगळं कशासाठी, तर पंधरा वीस मिनिटांसाठी. त्याहून जास्त वेळ की वाजली की जर्मनांच्या दिशा शोधणाऱ्या गाड्या गल्लीपर्यंत पोचायच्या. मग सेट बांधा, तार काढा, दुसरं घर शोधा, केसाचा रंग बदला, पुन्हा सायकल. सिनेमातली पिस्तुलं अन् पार्ट्या सोडा हो, यात बहुतेक वेळ वाट बघण्यात अन् ओझं वाहण्यात जातो, अन् जेवताना, झोपताना, कोणी नावाने हाक मारली की आपलं नाव आज काय आहे ते आधी आठवण्यात. कागदावर ती जान मारी रेनिये होती, संघटनेत मॅडलीन.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मोर्समध्ये प्रत्येकाचा 'हात' वेगळा असतो. कोणी डा, म्हणजे लांब ठोका, जास्तच लांबवतो, कोणी दोन अक्षरांत श्वास घेतल्यासारखा थांबतो. आमचा एक सहकारी शेवटचा डा नेहमी ओढायचा. एकदा त्याला मलेरिया झाला अन् त्याच्या जागी दुसरा बसला, मला पहिल्या ओळीतच कळलं, मी विचारलंही की गडी कुठाय. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याचा हात आपण ओळखतो. परमुलखात खोट्या नावाने राहणाऱ्या बाईचं खरं असं तेवढंच उरतं, बोटांची चाल, अन् ती ओळखणारा समुद्रापलीकडचा कोणीतरी.

ऑक्टोबरच्या मध्यात नूर पकडली गेली. कोणीतरी तिचा पत्ता जर्मनांना विकला. भित्री म्हणून शेरा मिळालेली ही बाई पकडायला आलेल्याच्या मनगटाला कडकडून चावली, अन् मुख्यालयात नेल्यावर अंघोळ करायचीय म्हणून न्हाणीत शिरली ती खिडकीतून बाहेर. धरली. नोव्हेंबरात आणखी दोघांसोबत छतावरून पळाली, नेमका त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, कोठड्या तपासल्या गेल्या, पुन्हा धरली.

चूक तिचीही झाली होती. पाठवलेले सगळे संदेश तिने एका वहीत लिहून ठेवले होते, ती वही अन् सेट दोन्ही जर्मनांना सापडलं. मग त्यांच्या ऑपरेटरने तिच्या नावाने लंडनशी बोलायला सुरुवात केली. मॅडलीनला काहीतरी झालंय अशी खबर लंडनला वेगळ्या वाटेने पोचली होती, तरी महिनोन् महिने त्यांनी पलीकडे नूरच आहे असं धरलं. हे वाचलं की मला आजही झोप लागत नाही. वहीची चूक पोरीची होती, मान्य, पण हात ओळखायचं काम तर पलीकडे बसलेल्यांचं होतं ना? फेब्रुवारी १९४४ च्या शेवटी त्याच खोट्या संदेशांवर भरवसा ठेवून माणसं पॅराशूटने उतरवली गेली, ती थेट जर्मनांच्या हातात. त्यांच्यात मादलेन दामरमाँ नावाची एक फ्रेंच पोरगी होती.

नूरने चौकशीत काही सांगितलं नाही, हे नंतर पॅरिसच्या त्या जर्मन मुख्यालयाच्या प्रमुखानेच कबूल केलं. तिला जर्मनीत फोर्टसहाइमच्या तुरुंगात नेलं, एकटीची कोठडी, हातापायात बेड्या अन् त्या दोन्ही जोडणारी तिसरी साखळी, १० महिने. १३ सप्टेंबर १९४४ ला नाझींच्या दाखाऊच्या छळछावणीत चार बायकांना गोळ्या घातल्या, त्यात नूर होती अन् तीच मादलेन दामरमाँही होती. १९४९ मध्ये ब्रिटनने नूरला जॉर्ज क्रॉस हा शौर्याचा मोठा सन्मान दिला.

मुलीला एक गोष्ट मात्र नक्की सांगायला लावा. फोर्टसहाइमला कैद्यांना एकमेकांशी बोलायची बंदी होती. नूरने जेवणाच्या भांड्याच्या बुडावर खरडायला सुरुवात केली, ती भांडी कोठड्यांमधून फिरायची अन् शेजारच्या फ्रेंच कैदी बायका तो मजकूर वाचून उत्तर खरडायच्या. त्यातल्या एका बाईने सुटल्यावर सांगितलं म्हणून हे कळलं. नूरने त्यावर नाव दिलं होतं नोरा बेकर, अन् खाली लंडनमधल्या आईच्या घराचा पत्ता, ४ टॅव्हिटन स्ट्रीट. त्याच घराच्या भिंतीवर २०२० मध्ये तिच्या नावाची निळी पाटी लावली.