गाईचा डोळा आणि तुमची पॉलिसी

ताईंचं पत्र थोडक्यात असं. आठ दुभत्या गाई, तीन वासरं. एका गाईच्या डोळ्यातून चार दिवस पाणी गळतंय, बुबुळावर मधोमध पांढरं फूल पडलंय, उजेडाकडे तोंड केलं की मान फिरवते. गाय रोज १० लिटर देते. चांगल्या गाईची किंमत तिच्या एका वेताच्या दुधाएवढी. व्यापारी हिला निम्म्यात न्यायला तयार आहे. "शेकडा दोनने पैसे काढून उपचार करू, की देऊन टाकू? शेजारी म्हणतात डोळा आपोआप बरा होईल. हातात काही नाही, कारण दोन गाईंचं दूध दर महिन्याला दहा वर्षांच्या विमा-बचत योजनेच्या हप्त्यात जातं. त्यात जनावरंही धरली आहेत, असं एजंट म्हणाले होते."

ताई, गाय विकू नका. दुधाचा भाव वर-खाली होतो, म्हणून हिशेब लिटरमध्येच करू. वेताचं दूध ३,००० लिटर धरा. निम्म्यात दिली की १,५०० गेले. आता उपचार. डॉक्टर आणि औषधं मिळून समजा आठवड्याचं दूध, ७० लिटर. प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो, डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालता येणार नाही. धरा आणखी ७०. दुखण्याने दूध आटेल त्याचे ७०. झाले २१०. रोख लागणार ७० लिटरची, तिच्यावर शेकडा दोनने महिन्याचं व्याज दीड लिटरही नाही. आधी दूध घेणाऱ्याकडे उचल मागा, नाही मिळाली तर व्याजाने काढा, पण उद्या काढा. वाईटात वाईट एक डोळा गेला, तरी गाय दूध देणारच.

"आपोआप" हा शब्द मला गुंतवणुकीतही आवडत नाही. बरेच डोळे तीन ते पाच आठवड्यांत भरून येतात, हे खरं. पण मधोमध फूल म्हणजे बहुधा बुबुळावर जखम, आणि ती खोल गेली तर बुबुळ फुटतं. शिवाय हा रोग बहुधा मोराक्सेला बोव्हिस नावाच्या जीवाणूचा, आणि डोळ्यातलं पाणी चाखणाऱ्या माशा तो पुढे नेतात. तुम्ही वाट बघाल, माशा बघणार नाहीत. गोठ्यात अजून २० डोळे आहेत. डॉक्टर आधी कुसळ अडकलंय का ते पाहतील, मग बहुधा दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचतील, डोळ्यावर पट्टी चिकटवतील. तोवर गाय सावलीत, वेगळी बांधा. तिची धार शेवटी काढा, हात धुवा, तिचं दावं दुसरीला लावू नका. घरातले माणसांचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम आणखी चिघळते. लस आता टोचून या साथीत उपयोग नाही, अंगी लागायलाच आठवडे जातात.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझी झोप उडवली ती पत्राच्या शेवटच्या ओळींनी.

तो विमा तुमच्या जिवाचा आहे ताई, गाईचा नाही. पॉलिसीचा कागद काढा आणि त्यात "गाय" शब्द शोधून दाखवा. जनावरांचा विमा वेगळा असतो, तोही बहुतेक जनावर दगावलं तर पैसे देतो; डोळ्याच्या औषधाचे नाही. एजंटने तुम्हाला सांगितलं ते गैरसमजातून नाही, कमिशनमधून.

आता हप्ता बघा. आठ गाईंचे रोजचे ८० लिटर. निम्मं चारा-पेंड खाते, हातात ४०. त्यातले २० हप्त्यात. म्हणजे कमाईचा निम्मा भाग दहा वर्षं कुलपात! अशा योजना वर्षाला शेकडा पाचच्या आसपास देतात, तेही शेवटपर्यंत टिकलात तर. शेकडा दोन महिना म्हणजे वर्षाला चोवीस. पाच मिळवायला चोवीस मोजायचे, याला बचत कोण म्हणतं? (एजंट म्हणतो.)

पुढचा हप्ता भरण्याआधी विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज बंद केली तर हातात किती, आणि हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी किती. भरलेले पैसे "वाया जातील" म्हणून पुढचे भरू नका. गेले ते गेले. जिवाचा विमा हवाच असेल तर साधा मुदतीचा (टर्म) घ्या, त्याचा हप्ता याच्या तुलनेत किरकोळ असतो.

हप्त्याचे महिन्याला ६०० लिटर सुटतील. ते साध्या बचत खात्यात टाका. चार महिन्यांत २,४०० होतात, म्हणजे सगळ्या गोठ्याचं महिन्याचं दूध. त्या रकमेला गोठ्याबाहेरच्या कशासाठीही हात लावायचा नाही, लग्नसराई आली तरी.

आणि आज संध्याकाळी वासरांचे डोळे उजेडात नेऊन बघा. पाणी गळून गालावर ओली रेघ दिसली, तर उद्या डॉक्टरांना एकाच फेरीत तीही दाखवा. दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतील.