फाइल कॅटलॉग सांभाळायला एक माणूस पुरतो का, आणि तो रोज करतो काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेचा डेटा दोन डिस्क स्टोरेज, एक टेप आणि सहयोगी विद्यापीठाचा सर्व्हर अशा चार जागी पसरलाय, फाइली कोटीच्या घरात चालल्यात, रुसियो (अनेक जागी पसरलेल्या फाइलींचा कॅटलॉग सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचं घाटतंय आणि वरिष्ठ विचारतायत की एक माणूस पुरेल ना? मी एका संशोधन संस्थेत हेच काम करतो, म्हणून लिहितो.

बसवायला एक पुरतो. चालवायला दीड लागतो, आणि तो अर्धा डेटाबेस जाणणारा हवा.

कॅटलॉगमध्ये फाइली नसतात. फाइलचं नाव, आकार, चेकसम (मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) आणि तिच्या प्रती कुठे कुठे आहेत, एवढी नोंद असते. सातबाऱ्यावर एक आणि बांधावर भलतंच, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही; इथेही तोच तंटा. नोंद आणि स्टोरेज यांच्यात रोज थोडं अंतर पडतं. ते शोधून मिटवणं हीच नोकरी. बाकीचं, म्हणजे सर्व्हर चालू ठेवणं वगैरे, कुठल्याही वेब सेवेसारखंच.

दोन्ही बाजूंच्या याद्या ताडून बघणं ऐकायला सोपं वाटतं. पण स्टोरेजवरच्या फाइलींची यादी निघायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्या वेळात फाइली येत-जात असतात. म्हणून कॅटलॉगच्या दोन याद्या घ्यायच्या: स्टोरेजची यादी सुरू होण्याआधीची एक, ती संपल्यानंतरची एक. स्टोरेजवर आहे पण कॅटलॉगच्या दोन्ही याद्यांत नाही, ती फाइल डार्क. दोन्ही याद्यांत आहे पण स्टोरेजवर नाही, ती हरवलेली. एकाच यादीत असेल तर ती मधल्या काळात आली किंवा गेली. तिच्या वाटेला जायचं नाही. तिन्ही याद्या सॉर्ट करून ओळीला ओळ लावली की साध्या मशीनवरही काम होतं, सगळं मेमरीत घ्यावं लागत नाही.

डार्क फाइली आपोआप पुसणारी स्क्रिप्ट लिहिण्याचा मोह होईल. लिहा, पण तिला मर्यादा घाला: डार्क फाइलींचं प्रमाण एकूण फाइलींच्या ठरावीक टक्क्यांवर गेलं की तिने थांबायचं आणि माणसाला विचारायचं. एकदम लाखभर फाइली डार्क दिसल्या तर बहुतेक वेळा कुणीतरी स्टोरेजचा माउंट पाथ (ते ज्या पत्त्यावर जोडलंय तो) बदललेला असतो आणि फाइली अगदी ठणठणीत असतात. हरवलेल्या फाइलीची दुसरी प्रत असेल तर पहिली प्रत बाद जाहीर करा, रुसियो नियमानुसार नवी प्रत स्वतः आणतो. एकुलती एक प्रत गेली असेल तर मालकाला लेखी कळवा, त्याच दिवशी.

अंतर पडू नये म्हणून क्रमही पाळावा लागतो. फाइल चढवताना आधी ‘कॉपी होतेय’ अशी नोंद, मग फाइल, मग ‘उपलब्ध’. पुसतानाही आधी नोंदीची स्थिती बदलायची, मग फाइल काढायची, शेवटी ओळ काढायची. मधेच वीज गेली तरी अर्धवट कामाचा माग नोंदीत राहतो. रुसियो हे स्वतः करतो. तुमच्या घरगुती स्क्रिप्टा करतात का ते बघा.

रुसियो सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलस प्रयोगासाठी बनला आणि २०१४ च्या अखेरीपासून तिथे वापरात आहे. (नाव ‘डॉन किहोते’ कादंबरीतल्या सांचो पान्झाच्या गाढवाचं, कारण आधीच्या प्रणालीचं नाव डॉन किहोतेवरून होतं. ओझं वाहणाऱ्या सॉफ्टवेअरला शोभतं.) पुढे सीएमएस आणि बेल-२ या प्रयोगांनीही तोच घेतला. त्याआधीच्या एलएफसी या कॅटलॉगमध्ये प्रत्येक प्रतीचा पूर्ण पत्ता साठवलेला असे. सीएमएसने पूर्वीच वेगळी वाट धरली होती: पत्ता साठवायचाच नाही, नावावरून नियमाने काढायचा. रुसियोतही तशी सोय आहे. स्कोप (नाव ज्या गटात येतं तो) आणि नाव यांचा एमडी५ हॅश (त्यांवरून ठरणारी अक्षरांची ओळ) काढून त्याच्या पहिल्या चार अक्षरांतून दोन पातळ्यांचे फोल्डर ठरतात. वापरकर्ते कुरकुर करतील की फोल्डरांची नावं निरर्थक आहेत. करू द्या. फोल्डरला अर्थ असला की लोक कॅटलॉगला वळसा घालून थेट तिथे शिरतात, आणि डार्क डेटा असाच जन्मतो. त्या जागेवर लिहिण्याचा हक्क फक्त सेवेच्या खात्याला ठेवा, बाकीच्यांना वेगळी स्क्रॅच (तात्पुरत्या कामाची) जागा द्या. हे भांडण पहिल्याच महिन्यात उरकून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

चेकसमसाठी अ‍ॅडलर-३२ वापरणार असाल तर दोन गोष्टी. हा आकडा हेक्समध्ये ८ अक्षरी असतो, पण काही साधनं सुरुवातीची शून्यं गाळतात. मग चांगली फाइल ‘जुळत नाही’ म्हणून नाकारली जाते. तुलना करण्याआधी शून्यं भरून घ्या. आणि नोंदीत ०००००००१ दिसलं तर ती फाइल जवळपास नक्की रिकामी आहे, कारण शून्य बाइटचा अ‍ॅडलर-३२ तेवढाच येतो. ही एक क्वेरी दर आठवड्याला चालवा. अर्धवट बंद पडलेली उपकरणं अशीच सापडतात.

आता तो अर्धा माणूस. पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस घेणार असाल (संस्थेकडे ओरॅकलचे पैसे नसतील असं धरतो) तर ऑटोव्हॅक्यूमची (मेलेल्या, म्हणजे पुसलेल्या किंवा बदललेल्या जुन्या ओळी साफ करणाऱ्या कामाची) मूळ सेटिंग मोठ्या टेबलला पुरत नाही. टेबलच्या साधारण २० टक्के ओळी मेल्याशिवाय तो जागा होत नाही. १० कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे २ कोटी मेलेल्या ओळी. प्रतींच्या टेबलापुरतं ते प्रमाण १ टक्क्यावर आणा. बॅकअपही रात्रीचा एक डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) घेऊन भागत नाही. कालचा डंप परत चढवला तर त्यानंतर आलेली प्रत्येक फाइल डार्क आणि पुसलेली प्रत्येक फाइल हरवलेली ठरते. वॉल आर्काइव्हिंग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद जपून ठेवणं) चालू करून हव्या त्या क्षणापर्यंत परत येता आलं पाहिजे, आणि ते दुसऱ्या मशीनवर खरंच करून बघितलेलं पाहिजे.

माणसांच्या बाजूने एकच नियम मी कडक ठेवेन: मुदतीशिवाय डेटा ठेवायचा नाही. रुसियोत प्रत टिकते ती कुणाच्या तरी नियमामुळे. नियमाला मुदत द्या आणि ती संपण्याआधी मालकाला मेल जाऊ द्या. पीएच.डी. संपवून गेलेल्या विद्यार्थ्याचे नियम गाइडच्या नावावर करण्याची पद्धत लेखी ठरवा. पुसलेल्या फाइलचं नाव रुसियो पुन्हा वापरू देत नाही, त्यामुळे ‘फायनल’, ‘टेस्ट१’ असली नावं पहिल्या दिवशीच बंद करा.

आणि फाइली सगळ्या एकाच सर्व्हरवर, काही लाखांतच असत्या तर मी रुसियो नकोच म्हटलं असतं, चेकसमसकट एक पोस्टग्रेस टेबल पुरलं असतं. पण तुमच्या चार जागा आहेत आणि त्यांतली एक टेप. वरिष्ठांना दीड माणूस मागा.