लोहाची सलाईन घेतल्यापासून आईची हाडं दुखतात, पुढची घ्यावी का?

आईंना एचएचटी (रक्तवाहिन्या नाजूक असल्यानं रक्त जाण्याचा आनुवंशिक आजार) आहे, घोळणा फुटून हिमोग्लोबिन उतरतं, गोळ्या पोटाला सोसत नाहीत म्हणून लोहाची सलाईन लावतात आणि आता हाडं दुखतात, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. हाच आजार मला वडिलांकडून आलाय. परभणीच्या उन्हाळ्यात नाक सुरू झालं की शेजारच्या काकू अजूनही कांदा फोडून आणतात!

दुखणं नेमकं कधी सुरू झालं, ते आधी आठवा. सलाईन चालू असतानाच छाती-पाठ आवळली, चेहरा लाल झाला, पण श्वास आणि बीपी ठीक असेल, तर सलाईन थांबवली की ते बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरतं. मग हळू सोडतात. घरघर, ओठ सुजणं, बीपी पडणं ही खरी ॲलर्जी. ती क्वचितच होते, पण तिच्यासाठीच नंतर अर्धा तास तिथंच बसवतात. दुसऱ्या दिवशीची कणकण, सांधेदुखी दोन-तीन दिवसांत जाते. त्यावर पॅरासिटामॉल पुरते. डायक्लोफेनॅकची सुई टोचून घेऊ नका, रक्त जाणं वाढू शकतं.

आठवड्या-दोन आठवड्यांनी हाडं दुखू लागली, मांड्यांतली ताकद गेली, हिमोग्लोबिन वाढूनही थकवा हटेना, तर रक्तातलं फॉस्फरस तपासायला सांगा. ही तपासणी सहसा कुणी लिहून देत नाही, 'अशक्तपणा आहे' म्हणून मोकळे होतात. फाइलमध्ये फेरिक कार्बोक्सिमाल्टोज (सलाईनमधल्या लोहाचा एक प्रकार) लिहिलंय का बघा. एका बैठकीत १००० मिलिग्रॅम जातं, त्यामुळे खेड्यातून एसटीनं येणाऱ्याला ते सोयीचं. आयर्न सुक्रोज या दुसऱ्या प्रकारच्या २००-२०० मिलिग्रॅमसाठी पुनःपुन्हा यावं लागतं. पण कार्बोक्सिमाल्टोजनं काहींच्या लघवीतून फॉस्फरस वाहून जातं. आपलं रक्त जायचं थांबत नाही, म्हणून डोस परत परत लागतात आणि हाडं मऊ पडण्यापर्यंत जाऊ शकतं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर धोका जास्त. फॉस्फरस कमी निघालं तर लोह बंद करू नका. त्याऐवजी आयर्न सुक्रोज किंवा डेरिसोमाल्टोज हा लोहाचा प्रकार चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

आणि नळीतल्या हवेकडे लक्ष ठेवा. एचएचटीत फुप्फुसात रक्तवाहिन्यांची थेट जोडणी असू शकते, तिथून बुडबुडा मेंदूत पोहोचतो. सिस्टरना नळीला हवा अडवणारा फिल्टर लावायला सांगा. चिडल्या तर चिडू द्या. फुप्फुसातली अशी जोडणी शोधणारी बबल एको (शिरेत बुडबुड्यांचं पाणी सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी) झाली नसेल, तर जोडणी आहे असंच धरून चालतात.