वाचक विचारतात : बाबांची सुट्टी संपल्यावर

प्रश्न : नवरा फौजेत, सध्या फिल्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. महिन्याची सुट्टी संपवून नुकताच परत गेला. तेव्हापासून पाच वर्षांचा मुलगा रोज अंथरूण ओलं करतो. वर्षभर हा त्रास नव्हता. व्हिडिओ कॉल लागला की मोबाइल पालथा घालून खळ्यात पळतो. काय करावं?
– एक आई, गुहागर तालुका

उत्तर : आधी लघवी तपासून घ्या. सहा महिन्यांहून जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ आणि क्वचित मधुमेह नाही ना, हे पाहावंच लागतं. तहान वाढली असेल, वजन उतरलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तपासणीत काही निघालं नाही, तर ओरडा बंद. चादर मुकाट बदलायची, झोपण्यापूर्वी लघवीला पाठवायचं, पाणी दिवसा भरपूर आणि रात्री बेताचं. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात.

मोबाइल पालथा घालणं हा त्याचा राग आहे. बाबा दिसतात पण उचलून घेत नाहीत, हे त्या वयाला सोसत नाही. वर ‘शाळेत काय केलंस?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तरही नसतं. कॉल तीन-चार मिनिटांचाच ठेवा आणि त्यात काहीतरी काम असू द्या : चित्र दाखवणं, कोडं घालणं. नेटवर्कचा भरवसा तिकडे नाही आणि पावसाळ्यात आपल्याकडेही नाही. म्हणून बाबांनी दोन-दोन मिनिटांच्या गोष्टी रेकॉर्ड करून पाठवाव्यात, त्या झोपताना लावा.

‘बाबा गणपतीला येणार’ असं मात्र आधीपासून सांगू नका. मंजूर रजाही ऐनवेळी रद्द होते आणि मुलाच्या लेखी खोट्या तुम्ही ठरता. बाबा गाडीत बसल्याचा फोन आला की मग कॅलेंडरवर खूण करा.

घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस वडिलांनी शिस्तीच्या भानगडीत पडू नये. झोपेच्या आणि टीव्हीच्या वेळा आई ठरवते त्याच राहू द्याव्यात. सुट्टीभर नियम गुंडाळून ठेवले आणि ते गेल्यावर पुन्हा लादले, तर बाबाही गेले आणि मोकळीकही गेली, असं मुलाचं होतं. आमच्या मते मुलं बिथरतात ती जास्त करून यानेच. वडील लांब असतात, याची त्यांना त्या मानाने सवय होते.

प्रश्न : मला पीस स्टेशन, म्हणजे कुटुंब नेता येतं असं ठिकाण मिळतंय, क्वार्टरही मिळेल. मुलगी देवगडला मराठी माध्यमात नववीत आहे. कुटुंब न्यावं का?
– एक हवालदार

उत्तर : आता नको. तिकडे सीबीएसईची शाळा घ्यावी लागली, तर तिची दहावीसाठीची नोंदणी नववीतच होते आणि थेट दहावीत प्रवेश फक्त बदलीसारख्या कारणाने, कागदपत्रं दाखवून मिळतो. त्यात माध्यमही बदलणार. दहावी इथेच होऊ दे, अकरावीला न्या. धाकटं भावंड असेल आणि आईबरोबर त्याला आधी नेणार असाल, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ओरोसच्या जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्यापूर्वीच घ्या. परराज्यातली शाळा ती मागते आणि तिथून पुन्हा गावी धावावं लागतं.

मुलगी गावी शिकते म्हणून शिक्षण भत्ता बुडत नाही. पहिल्या दोन मुलांसाठी तो मिळतो. जानेवारी 2024 पासून दरमहा प्रत्येकी 2,812.50 रुपये. मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र युनिटला पाठवा.

प्रश्न : नातू ऐकत नाही तेव्हा ‘बाबा येऊ दे, मग बघ’ म्हणते. चुकतं का?
– आजी, दापोली

उत्तर : हो आजी, चुकतं. वर्षाकाठी दोनदा येणारा बाप त्याला पोलीस वाटू लागतो. काय रागवायचं ते तुम्हीच, तिथल्या तिथे. आणि सीमेवर तणाव असला की बातम्या त्याच्यासमोर लावू नका. तेच दृश्य दहा वेळा दाखवलं तर लहान मुलाला दहा हल्ले झाल्यासारखं वाटतं. झोप उडाली, जेवण तुटलं आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं.