तिकीट शेवटी, चिप सर्वांत आधी

प्रश्न : नवऱ्याची बदली म्युनिकला झाली असून निघायला दोन महिने आहेत. आमच्या चार वर्षांच्या लॅब्रॉडॉरला दरवर्षी रेबीजची लस देतो, लसीची पुस्तिका आहे, कातडीखालची ओळख-चिप नाही. तिला सोबत नेता येईल का? (पुणे)

उत्तर : दोन महिन्यांत नाही. कमीत कमी चार महिने धरा. रेबीजच्या बाबतीत सवलत असलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नाही, त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्याला नुसती लस पुरत नाही. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं किती आहेत याची तपासणी, म्हणजे टायटर, करावी लागते आणि तिच्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. आतापर्यंतच्या लसी मात्र मोजल्या जाणार नाहीत, कारण चिपच्या आधी दिलेली लस ह्याच कुत्रीला दिली याला पुरावा नाही. अनेकांचं गाडं इथंच अडतं.

क्रम असा. पंधरा आकडी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाची) चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवा. डॉक्टरांना लगेच स्कॅनर फिरवायला सांगा आणि पडद्यावरचे आकडे पुस्तिकेतल्या आकड्यांशी एकेक करून जुळवून घ्या. मग लस, त्याच दिवशी दिली तरी चालते. लसीच्या बाटलीवरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवलं जाईल हे पाहा. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं. टायटर 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलीलिटर किंवा जास्त हवं, आणि तपासणी युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच हवी.

तीन महिने मोजायचे ते रक्त काढल्याच्या तारखेपासून, अहवाल आल्यापासून नव्हे. 2 जूनला चिप आणि लस, 4 जुलैला रक्त, तर 4 ऑक्टोबरनंतरचं तिकीट काढा. ही थांबणूक कागदी नाही. लस घेण्याआधीच कुत्र्याला लागण झाली असेल, तर प्रतिपिंडं असूनही आजार पुढे उफाळू शकतो, आणि तो या काळात दिसावा असा हेतू आहे.

निघण्याच्या सुमारास मुंबईच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेच्या कार्यालयातून आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं. ते युरोपातल्या प्रवेश तपासणीपर्यंत दहाच दिवस चालतं, म्हणून आधी काढून ठेवू नका. जर्मन आणि इंग्रजी असा द्विभाषी नमुना वापरा.

तुमच्यापुढचा सोपा मार्ग : नवऱ्याने पुढे जावं, कुत्री तुमच्या नावावर असावी आणि तुम्ही तिच्यासोबत नंतर निघावं. मालकाच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात आणि काम बरंच किचकट होतं.

प्रश्न : आमच्या दत्तक घेतलेल्या देशी कुत्र्याचं टायटर 0.38 आलं. लस बनावट होती का? (नागपूर)

उत्तर : तसं मानायचं कारण नाही. आयुष्यातल्या पहिल्याच लसीनंतर प्रतिपिंडं साधारण महिना-दीड महिन्यात कमाल पातळी गाठतात आणि मग उतरू लागतात. रक्त तीन-चार महिन्यांनी घेतलं असेल, तर आकडा खाली येणं स्वाभाविक आहे. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये न राहिल्यासही असं होतं. 0.5 ही प्रवासासाठी ठरवलेली रेषा आहे. तिच्याखालचा आकडा म्हणजे कुत्रा अगदीच असुरक्षित, असा अर्थ नाही.

पुन्हा लस द्या, 30 दिवस होऊ द्या आणि मग लांबण न लावता रक्त घ्या. तीन महिन्यांची मोजणी नव्या रक्तापासून सुरू होईल. नवा कुत्रा असेल, तर पहिल्यापासूनच महिनाभराच्या अंतराने दोन डोस द्यावेत असं आमचं मत आहे. एक लस वाचवून तीन महिने घालवणं परवडत नाही.

नमुना पाठवतानाही लक्ष द्या. रक्त गोठू द्यावं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावं आणि वरचं फिकट पिवळसर सीरमच वेगळं काढून थंड पाठवावं. सीरम गुलाबी-लालसर दिसत असेल तर पेशी फुटल्या आहेत. असा नमुना प्रयोगशाळा नाकारू शकते, तेव्हा पाठवण्याआधी दवाखान्यातच पुन्हा रक्त घ्या. नमुन्याच्या फॉर्मवर चिपचा क्रमांक हवाच.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत आहे. अमेरिकेचेही हेच नियम का? (ठाणे)

उत्तर : नाहीत. ऑगस्ट 2024 पासून तिथे सहा महिन्यांखालचं पिल्लू आत घेत नाहीत. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांत मोडतो. लस भारतात दिली असेल, तर सरकारी पशुवैद्यांनी प्रमाणित केलेला लस व चिपचा अर्ज, सीडीसीचा (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) आयात फॉर्म आणि सीडीसीकडे नोंदलेल्या प्राणी केंद्रात आगाऊ नोंदणी, इतकं लागतं. असं केंद्र असलेल्या विमानतळावरच उतरावं लागतं, म्हणून आधी केंद्र, मग तिकीट. टायटरचं रक्त प्रवासाच्या किमान 28 दिवस आधी घ्यावं. टायटर नसेल तर 28 दिवस विलगीकरण, आणि तो खर्च मालकाचाच.

प्रश्न : आम्ही बर्लिनला राहतो. कुत्र्याला तीन आठवडे साताऱ्याला आणून परत नेताना पुन्हा तीन महिने थांबायचं का? (बर्लिन)

उत्तर : टायटर निघण्याआधी जर्मनीतच करून पेट पासपोर्टमध्ये (युरोपीय संघातल्या पाळीव प्राण्याच्या प्रवास-पुस्तिकेत) नोंदवून घेतलंत, तर नाही. इथे येऊन केलंत, तर थांबावं लागेल. बूस्टरची तारीख मात्र सुट्टीच्या मधोमध येत नाही ना, ते पाहा. ती एक दिवसाने जरी चुकली, तरी पुढची लस पहिली लस धरतात आणि जुनं टायटर बाद होतं. बूस्टर वेळेवर होत राहिले, तर तेच टायटर कुत्र्याच्या आयुष्यभर चालतं.