पायाने अधू कुत्रा दत्तक जाईपर्यंत घरी ठेवायचा आहे. खर्च किती येतो? आणि सोडताना त्रास होत नाही का?

त्रासाचं विचारता? तीन वर्षं झाली, माझा सख्खा भाऊ अजून मला 'कुत्रा देऊन टाकणारी' म्हणतो. आता विषय काढलाच आहे तर ऐका.

ढब्बू आला तेव्हा दीडेक वर्षाचा असेल. गावठी, १४ किलो. सिंहगड रोडला गाडीने उडवलेला. उजव्या मागच्या पायाचा खुबा निखळला होता आणि सापडेपर्यंत बरेच दिवस उलटले होते. इतक्या उशिरा सांधा बसवला तरी टिकत नाही, म्हणून डॉक्टरांनी मांडीच्या हाडाचा वरचा गोळाच काढून टाकला. एफएचओ म्हणतात याला. ऐकायला भयंकर, पण हाडावर हाड घासणं थांबतं आणि आजूबाजूचे स्नायू सांभाळून घेतात, एक कामचलाऊ सांधा तयार होतो. वीसेक किलोच्या आतल्या कुत्र्यांना हे चांगलं मानवतं.

पण पाय वापरला तरच. टाके निघायच्या आधीपासून थोडं थोडं चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा दादा आमच्याकडेच राहायला होता. त्याने काय करावं? उठलं की ढब्बू कडेवर. जिन्यात कडेवर, शू करायला न्यायचं तरी कडेवर. "बिचाऱ्याला दुखतंय गं." महिन्याने सासूबाईंच्या शिवणाच्या टेपने मी मांड्या मोजल्या. डावी २९ सेंटिमीटर, उजवी २४. न वापरून उजवीचे स्नायू वाळले होते. शिवाय पाय पोटाशी धरून तीन पायांवर उड्या मारायची सवय लागली ती वेगळीच. त्या दिवशी मी दादाला नको ते बोलले. तो चार दिवस बाहेर जेवला.

मग मी ताबा घेतला. भरभर चालवलं की हा तीन पायांवर पळायचा, चौथा टेकायचाच नाही. म्हणून पट्टा आखूड धरून मुंगीच्या चालीने. आधी पाच-पाच मिनिटं, मग दहा, मग तळजाई टेकडीचा चढ, कारण चढावर मागच्या पायांवर भार येतो. फरशी गुळगुळीत असेल तर योगा मॅट अंथरा. सतरंजी नुसती टाकलीत तर तीच घसरते. तळव्याच्या गाद्यांमधले केस कापत राहा. वजन वाढू देऊ नका. (आमच्याकडे पोळ्या बंद होत्या, चोरून कोण देत होतं ते सांगायला नको.)

खर्च: ऑपरेशनचे पैसे रेस्क्यू ग्रूपने वर्गणी काढून भरले. खाणं, औषधं, रिक्षा मिळून माझे महिन्याला साडेतीन-चार हजार गेले. कोण काय भरणार हे कुत्रा घरात यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. सोसायटी लिफ्टवरून कटकट करेल. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक दाखवा, लिफ्ट अडवता येत नाही.

सहाव्या महिन्यात नाशिकचं एक निवृत्त जोडपं आलं. तळमजला, अंगण, घरी कायम कोणीतरी. मी दिला. गाडीत बसल्यावर त्याने वळूनही पाहिलं नाही, आणि मी रात्रभर रडले. दादाचं म्हणणं, ठेवून का नाही घेतलास? अरे, दोन खोल्यांचं घर! ढब्बू राहिला असता तर त्याच्यानंतर आलेल्या दोघांना कुठे ठेवलं असतं? ज्याला द्यायला जमत नाही त्याने सरळ कुत्रा पाळावा, फॉस्टर करतो म्हणू नये. हे मी दादाला तोंडावर सांगितलंय.

हो, एक राहिलं. हे चालवण्याचं सगळं एफएचओपुरतं. तुमच्या कुत्र्याच्या पायाला काय झालंय ते तुम्ही लिहिलंच नाहीत. हाड मोडून प्लेट घातली असेल तर उलट आठवडेच्या आठवडे पिंजऱ्यात विश्रांती असते, तेव्हा एक्स-रे पाहिलेल्या डॉक्टरांचं ऐका, माझं नको. आणि दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन तर कुत्र्याला विषच.

गेल्या महिन्यात नाशिकहून व्हिडिओ आला. ढब्बू स्कूटरच्या चाकावर मुततोय, डावा पाय वर. म्हणजे मागचा सगळा भार उजव्यावर! मी तो तसाच दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बारीक झालाय."