ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यांवर पांढरा कापूस आलाय आणि तो खात नाही. दुकानदाराने दिलेलं बुरशीचं औषध टाकीत घालू का?

नको, ती बाटली उघडूच नका. माशांच्या बुरशीवरच्या बऱ्याच औषधांत मॅलाकाइट ग्रीन किंवा तांबं असतं. ॲक्सोलॉटल हा मासा नाही, उभयचर आहे. त्याच्या अंगावर खवले नसतात, पाण्यात जे असेल ते कातडीतून थेट आत जातं. माशाला सोसणारी मात्रा त्याच्या जिवावर बेतू शकते.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात टाकीचं पाणी २७ अंशांवर आहे, शेपटीचं टोक वळलंय आणि दोन दिवस खाणं बंद आहे. खरं दुखणं त्या २७ अंशांत आहे, बुरशी नंतर आली. हा प्राणी मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, दोन हजार मीटरहून जास्त उंचीवरच्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश मानवतं, २० पर्यंत निभतं, २४ च्या वर गेलं की प्रकृती ढासळायला लागते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मलमूत्रातून पाण्यात येणारा अमोनिया जास्त विषारी होतो, आणि एरवी पाण्यात निमूट असलेली बुरशी दुबळ्या कल्ल्यांवर बसते. त्यामुळे पाणी तसंच ठेवून नुसता कापूस घालवलात तर तो परत येणार.

आजच त्याला वेगळ्या टबात हलवा. पाच ते दहा लिटरचा, साबण न लागलेला प्लास्टिकचा टब घ्या. पाणी त्याचं अंग बुडेल एवढं असू द्या, वर भोकं पाडलेलं झाकण ठेवा (हे प्राणी उडी मारतात) आणि टब अंधाऱ्या जागी ठेवा. पाणी क्लोरीन काढलेलंच हवं. ॲक्वेरियमच्या दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून मिळतं ते चालेल, फक्त कोरफड घातलेलं घेऊ नका. सुरुवात २५ अंशांच्या आसपास करा आणि बंद बाटलीतला बर्फ टबात ठेवून दिवसभरात हळूहळू १८ वर आणा. सुटा बर्फ टाकू नका, एकदम थंडीचा धक्का बसतो. टबात फिल्टर नसतो, म्हणून रोज सगळं पाणी बदलायचं, तेही त्याच तापमानाच्या पाण्याने. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी फार तापलेलं असतं. ते रात्री भरून, अँटिक्लोरीन घालून, थंड करून ठेवा.

आता मिठाचं स्नान. आयोडीन नसलेलं मीठ घ्या, पाकीट वाचून. एका लिटरला दोन सपाट चहाचे चमचे, पूर्ण विरघळवून, टबाइतक्याच तापमानाच्या पाण्यात. त्यात त्याला दहा मिनिटं ठेवा, पंधराच्या वर मुळीच नाही, कारण जास्त वेळ राहिला तर मीठ कल्ल्यांना आणि कातडीला भाजतं. दिवसातून दोनदा. मधेच तडफडायला लागला तर लगेच साध्या पाण्यात परत न्या. दोन-चार दिवसांत पुंजके राखाडी होऊन आपोआप गळतात. चिमट्याने ओढू नका, कापसाबरोबर कल्ल्याचे तंतूही तुटतात. झडलेले तंतू मात्र पुन्हा उगवतात, त्याची काळजी नको.

तोवर मूळ टाकीचं पाणी थेंब टाकून रंग बघायच्या तपासणी-किटने तपासा. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य, यात तडजोड नाही. नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आत असलं तर उत्तम. पहिल्या दोनपैकी एकही आकडा शून्याच्या वर असेल, तर फिल्टरमधले, ही घाण पचवणारे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नाहीत किंवा कुणीतरी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतल्याने ते मेलेत. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. प्रवाह जोरात असेल तर कल्ले पुढे वळतात, तेही बघा. तळाला खडी असेल तर काढून टाका. हा प्राणी घास ओढताना खडेही गिळतो आणि आतडं तुंबतं. तळ उघडा बरा.

थंड ठेवायला पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरवतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही. २७ वरून १८ वर यायला मात्र चिलरच, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्रच, लागेल. तो महाग आहे, पण माझ्या मते हा प्राणी पाळायचा तर चिलरला पर्याय नाही.

खाण्याची घाई करू नका. मोठा ॲक्सोलॉटल आठवडाभर उपाशी राहू शकतो, आणि न खाल्लेलं अन्न टबात कुजलं तर पाणी बिघडतं. तापमान उतरलं की खत-फवारणी नसलेल्या मातीतलं गांडूळ धुऊन, तुकडे करून द्या. गांडूळखतातली लाल गांडुळं बहुतेक वेळा तो तोंडात घेऊन थुंकतो, कारण ती कडू द्रव सोडतात. ते आजारपण समजू नका.

पायांवर किंवा पोटावर लाल चट्टे, फुगलेलं अंग, किंवा सारखा वर तरंगून उलटा होणं, यातलं काही दिसलं तर मीठ पुरणार नाही. तो जिवाणूंचा संसर्ग किंवा आतला बिघाड असू शकतो. उभयचर पाहणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या, आणि सोबत टाकीच्या पाण्याचा नमुना व तपासणीचे आकडेही न्या. अँटिबायोटिक मात्र स्वतःच्या अंदाजाने देऊ नका.